क्लच थंड होईपर्यंत

—डावीकडे घ्या, अजून डावीकडे, त्या कठड्याच्या अलीकडे जागा आहे. हां. थांबा आता. हँडब्रेक ओढा. गाडी बंद करा, आणि पाय काढा हो क्लचवरून, गाडी कुठं जात नाही, माझ्या बाजूचा ब्रेक दाबून बसलोय मी. येतोय ना वास? जळक्या रबरासारखा—सगळे तसंच म्हणतात. रबर नाही ते, क्लचची प्लेट आहे. एंजिन फिरायला बघतंय, चाकं थांबलेली, आणि मधल्या मध्ये ती प्लेट घासत बसते. तुम्ही कात्रजपासून अर्धा क्लच दाबून आलात, पुढचा ट्रक थांबला की तुम्ही क्लचवर गाडी तोलून धरताय. हँडब्रेक कशाला दिलाय मॅडम, पर्स अडकवायला? ...बरं, बरं. चुकलं माझं. तोंड एवढंसं करू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबू, थंड होऊ दे. पाणी प्या.

नांदेडच्या ना तुम्ही? मग बरोबर आहे, तिकडं सपाटी. हिंजवडीच्या तुमच्या कंपनीतली निम्मी मंडळी माझ्याकडून शिकून गेलीत. पगार झाला की गाडी घेतात आणि मग चालवायचं कसं ते विचारायला येतात. कसब्यातला मी, आमच्या गल्लीत सायकल नीट वळत नाही, आणि मी तीस वर्षं लोकांना मोटार शिकवतोय. तर मी ओरडतो, हे मला माहीत आहे. तुम्ही पहिल्या नाही. आमची ही तर गाडीतून उतरून गेली होती एकदा. इथंच, खालच्या वळणाला.

ही म्हणजे माझी बायको. सुशीला. नव्याण्णव साली आमच्या शेफालीला बंगलोरला कॉम्प्युटरची नोकरी लागली, घर रिकामं झालं, आणि ही म्हणाली मला गाडी शिकवा. सेहेचाळीस वर्षांची होती. म्हटलं चल. पण परक्याला शिकवणं वेगळं आणि बायकोला वेगळं—परक्याला निदान फी घेतो म्हणून सांभाळून बोलतो. हिच्याशी मी धड सांभाळून बोललोच नाही. वास आला की, "झालं, जाळ क्लच, तुझ्या वडलांनी दिलीय गाडी." मागच्या सीटवर दोन शिकाऊ बसलेले, ते हसले. तिनं गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला—व्यवस्थित ओढला हं—दार उघडलं आणि चालायला लागली. उतारानं कात्रजपर्यंत चालत, तिथून बसनं घरी. मी घरी पोचलो तर भाकऱ्या करत होती. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही तिनं.

म्हणजे लावला. एकदा लावला.

दोन हजार तीन साली आम्ही कापूरहोळहून येत होतो, तिच्या भाचीचा साखरपुडा होता. या घाटाच्या वरच्या बोगद्याच्या पलीकडच्या अंगाला, शिंदेवाडीनंतर चढ लागतो ना, तिथं माझ्या छातीत कळ आली. आधी वाटलं जेवण जास्त झालं. मग डावा हात गेला, घामानं शर्ट ओला. कशीबशी गाडी बाजूला घेतली एवढं आठवतंय. ती रस्त्यावर उभी राहून हात करत होती. दोन ट्रक गेले, एक जीप गेली, कुणी थांबलं नाही. मोबाइल तेव्हा आमच्याकडं नव्हता. मग तिनं मला ढकलत, ओढत या बाजूला सरकवलं—मी त्या वेळी चांगला ऐंशी किलोचा होतो—आणि स्वतः तिथं बसली, तुम्ही बसलात तिथं. चार वर्षांनी. माझ्याकडं बघितलं नाही. तीनदा गाडी बंद पडली. चौथ्यांदा एंजिन असं बोंबलायला लागलं की काय सांगू, पण गाडी हलली. पुढं मळीचा टँकर, मुंगीच्या पावलानं चाललेला, ओव्हरटेक करायची हिंमत नाही तिची. मग काय, अर्धा क्लच आणि ॲक्सिलरेटर, अर्धा क्लच आणि ॲक्सिलरेटर. गाडीत वास कोंडला. मग बॉनेटखालून धूर. मी डोळे मिटून होतो, पण नाक चालू होतं माझं. ती एकसारखं बोलत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. नंतर लक्षात आलं, ती माझंच शिकवलेलं म्हणत होती—पहिला टाक, सावकाश सोड, पहिला टाक, सावकाश सोड.

बोगद्याच्या तोंडाशी प्लेट संपली. एंजिन नुसतंच ओरडतंय, चाकांना ओढ नाही. पण जरासा वेग होता, त्यावर ती बोगद्यातून बाहेर आली, आणि पुढं उतार. हाच, आपण चढतोय तो. सगळा घाट तिनं नुसत्या ब्रेकवर उतरवला आणि कात्रजला एका दवाखान्याच्या दारात, अक्षरशः पायरीला चाक लावून उभी केली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जरा बसतं झालो. आमचा मेकॅनिक दशरथ भेटायला आला होता, तो म्हणाला प्लेटचा कोळसा झालाय, प्लेट ज्यावर घासते ते फ्लायव्हीलसुद्धा तापून निळं पडलंय. तेवढ्यात ही पेज घेऊन आली. आणि मी काय म्हणालो असेन? सांगा. ...नाही. तुम्ही चांगल्या घरातल्या, तुम्हाला सुचणार नाही. मी म्हणालो, "जाळलास ना शेवटी क्लच?"

गंमत केली हो. दशरथ हसला, नर्स हसली. ती म्हणाली, "हो, जाळला." आणि चमचा पुसून माझ्या तोंडाशी धरला.

पुढं मी ते सगळ्यांना सांगायचो. पाहुणे आले की सांगायचो—हिनं मला वाचवलं पण गाडी मारली. लोक हसायचे. ती चहा टाकायला आत जायची. मला वाटायचं, चहाच टाकायला जाते. एकदा पाहुणे गेल्यावर म्हणाली, "मी त्या दिवशी बरोबर काय केलं, ते कधी सांगाल का?" मी पेपर वाचत होतो. म्हटलं, "पहिल्या गिअरवर ठेवलीस, तेवढं बरोबर." पुन्हा नाही विचारलं तिनं.

दोन वर्षांपूर्वी, दोन हजार सातला गेली. काविळीचं निमित्त झालं, अकरा दिवसांत आटोपलं. मी पेज करायला शिकलो त्या अकरा दिवसांत. ती म्हणायची छान झालीय. मीठ नसायचं त्यात.

तेराव्याला वैजनाथ म्हणून एक जण आला. कोथरूडला त्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, तोंडओळख होती. मला वाटलं धंद्यातला माणूस म्हणून आला असेल. हात जोडून म्हणाला, "काकू माझ्याकडं शिकल्या, दोन हजार चारला. लायसन काढून दिलं मी." मंगळवार-शुक्रवार ती भजनाला जायची. कोथरूडला. मी कधी विचारलं नाही की कसब्यात काय भजनं नाहीत? वैजनाथ सांगत होता, "चांदणी चौकाच्या चढाला मी मुद्दाम थांबवायचो त्यांना. बाईंचा पाय इतका हलका, एकदाही गाडी मागं सरकली नाही की वास आला नाही. दुसऱ्यांना दाखवायचो मी, बघा म्हणायचो."

म्हणजे नंतर तीन वर्षं हा घाट आम्ही चढलो-उतरलो, ती इथं माझ्या शेजारी, मी बडबडतोय, आणि तिला सगळं येत होतं. बाहेर बघत बसायची. एकदासुद्धा म्हणाली नाही, द्या इकडं.

वैजनाथ म्हणाला, "तुम्हाला ठाऊक असेलच." मी म्हटलं, हो तर. मीच पाठवलं होतं तिला. घरच्या माणसाकडून शिकणं होत नाही, म्हणून मीच पाठवलं. शेफालीलाही तेच सांगितलंय मी. ती फोनवर रडली, म्हणाली, बाबा, किती चांगलं केलंत. आजवर कुणालाच...

तुम्हाला कशाला सांगत बसलोय मी हे.

वास गेलाय. चला, स्टार्ट करा. पहिला टाका. आरशात बघा, मागून टेम्पो येतोय, तो जाऊ दे. ...काय? नाही. नाही, मी काही बोलणार नाही आता. तुम्ही चालवा.