बरण्यांत न दिसलेले नमुने

जबाब देणारी : वय ५७ वर्षे, धंदा संशोधन, राहणार संशोधन संस्थेमागची गल्ली, दुसरा मजला, थोरल्या बहिणीसह.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते, आणि साहेब, या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्यांच्याही वतीने सांगते, की फुटलेलं-तुटलेलं काही पुढ्यात ठेवता आलं नाही, तर आमचं काही गेलंच नाही असं आम्हाला ऐकवलं जातं. सकाळपासून मी तेच ऐकते आहे.

(भाषण नको, घटना सांगा, असे सांगण्यात आल्यावरून पुढे सांगते.)

मी हायड्रोजेलवर काम करते. भरपूर पाणी धरून ठेवणारा हा मऊ पदार्थ आहे. त्यापासून मी बुबुळावरचा पारदर्शक पडदा तयार करते. सुरुवातीची वर्षं तो दुधाळ निघायचा. मग स्वच्छ निघू लागला, तर टाका घालताच फाटायचा. दोन्ही जमेपर्यंत अर्धी नोकरी सरली. तो शरीरात टिकेल का, हे पाहण्यासाठी शरीराइतक्या उबेच्या पेटीत, मिठाच्या पाण्यात नमुने बुडवून थांबावं लागतं. मी अकरा वर्षं थांबले. बहीण याला माझं भिजत घोंगडं म्हणते.

याच बहिणीच्या डोळ्यांत कारखान्यात अ‍ॅसिड उडालं होतं. एक डोळा गेला. दुसऱ्याला दान मिळालेला पडदा दोनदा बसवला, दोनदा शरीराने नाकारला. त्या डोळ्याला आता फक्त खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. माझा पडदा माणसाला बसवायची परवानगी देणारी समिती पुढच्या आठवड्यात हे जुने नमुने पाहायला येणार आहे. नमुने नाहीत तर परवानगी नाही, पुन्हा अकरा वर्षं. ताई एकाहत्तरची आहे.

काल मी तिला तपासणीला डॉक्टरांकडे नेलं होतं. संस्थेत परत आले तर पेटीचं दार सताड उघडं आणि सगळ्या बरण्या धुवून टेबलावर पालथ्या घातलेल्या. खोली दुसऱ्या विभागाला द्यायची म्हणून संचालकांनी ती रिकामी करवून घेतली होती. मी त्यांना विचारलं. बोलणं असं झालं :

"सर, यांत माझे नमुने होते."

"मॅडम, मी स्वतः एकेक बरणी उजेडात धरून पाहिली. नुसतं पाणी होतं."

"पाण्यात ते दिसत नाहीत."

"मग मला कसे दिसणार?"

"दिसू नयेत म्हणून तर जन्म घालवला, सर. झाकणांवर तारखा होत्या ना?"

"होत्या की. अकरा वर्षांपूर्वीच्या. जुनं म्हणूनच ओतायला सांगितलं."

ते पाणी प्यायला उठले आणि ग्लास तसाच ठेवून बसले. माणूस वाईट नाही.

आज इथे आपण म्हणालात, "बाई, चोरी नाही, तोडफोड नाही. बरण्या तर घासूनपुसून दिल्यात. मी लिहू काय?" त्यावर ताई म्हणाली, "लिहा साहेब, हिच्या बरणीतला माझा डोळा सांडला." बाकावरचे हसले. तीही हसली. मग मला म्हणाली, "चल गं घरी. मला सवय झालीय."

मला झालेली नाही.

ज्या बेसिनमध्ये बरण्या ओतल्या, त्याचं पाणी थेट गटारात जात नाही. इमारतीखालच्या बंद टाकीत साठतं. उद्या सकाळी टँकर येऊन ती उपसून नेणार आहे. नमुने पाण्यात विरघळत नाहीत, तेव्हा ते तळाशी असतील. शाई पाण्यात उतरते, म्हणून प्रत्येकाच्या कडेला खाचा पाडल्या आहेत. कुठला नमुना कुठला, ते मी बोटाने ओळखीन. त्या घाणीतून काढलेले समिती मानेल का, माहीत नाही. बहुधा नाही मानणार. संस्था म्हणते, पोलिसांचं पत्र आणा, मग टँकर थांबवू. आपण म्हणता, गुन्हा नाही तर पत्र कसलं.

माझा कोणावर राग नाही, असं लिहू नका. आहे. पण शिक्षा कोणालाच नको.

वरील मजकूर मला व माझ्या बहिणीला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी बोलले तसाच उतरला आहे. सहीच्या वर एवढंच घ्या, साहेब : उद्या टँकर यायच्या आत त्या टाकीच्या झाकणाला सील ठोका.