सहा वाजताची उडी

गुरुजी : तुझ्या वहीत सहा वाजता माती एकदम ओली, अन् सव्वासहाला परत कोरडी. ऐश्वर्या, हळदीला रोज सहाचा चहा पाजता की काय तुम्ही?

ऐश्वर्या : हसू नका न, गुरुजी. सोमवारी वसमतला विज्ञान प्रदर्शन हाय. ओलावा मोजायची पेटी मी केली, पण परीक्षक म्हणतील, पोरीनं आकडे मनानंच लिहिले.

गुरुजी : त्या वेळेला कोणी मोटार चालू करतं का?

ऐश्वर्या : न्हाई. आजोबांना विचारलं. तेव्हा लाईटच नसते. सहाचे सगळे आकडे खोडून टाकू का?

गुरुजी : खोडायची घाई नको. सहा वाजता इथं काय होतं, ते सांग.

ऐश्वर्या : काहीच न्हाई. मी येते.

गुरुजी : येऊन काय करतेस?

ऐश्वर्या : पेटीच्या खांबाला फोनची पिशवी अडकवते. आई पुण्याला दवाखान्यात कामाला हाय न, ती सहाला सुटते. घरी रेंज न्हाई. आख्ख्या वावरात ह्या खांबापाशीच दोन काड्या येतात. मग इथंच उभी राहून बोलते.

गुरुजी : हं. हा माझा रेडिओ घे. पिशवीजवळ ठेव. स्टेशन लावू नको, नुसता चालू ठेव.

ऐश्वर्या : रेडिओचं काय काम?

गुरुजी : कळेल. टॉवर कुठं आहे?

ऐश्वर्या : लांब, शिरडच्या बाजूला.

गुरुजी : मग तिथवर पोचायला तुझ्या फोनला जोरात ओरडावं लागतं. आपल्याला ते ऐकू येत नाही, पण तारेला येतं. पेटीपासून मातीपर्यंत तार किती लांब?

ऐश्वर्या : पाच हात.

गुरुजी : म्हणजे पाच हात लांब कान. माती हळू बोलते, फोन ओरडतो. पेटी गोंधळते अन् ‘ओली’ लिहून मोकळी होते.

ऐश्वर्या : म्हणजे आकड्यांची ही उडी… आईचा फोन हाय?

गुरुजी : माझा अंदाज आहे. अजून खात्री नाही.

ऐश्वर्या : मग सोमवारपर्यंत फोन बंदच ठेवते. आईला सांगते आज.

गुरुजी : मी तसं म्हणालो का?

ऐश्वर्या : न्हाई, पण दुसरं काय करू? चारच दिवस हायेत. तिला म्हणते, चार दिवस फोन नको करू.

गुरुजी : इकडं बघ, लेकरा. आधी डोळे पूस. फोन अन् पेटी, दोन्हींतलं काय हलवता येतं?

ऐश्वर्या : फोन कसा हलवणार? रेंज इथंच… पेटी. पेटी हलवता येते.

गुरुजी : कुठं नेशील?

ऐश्वर्या : त्या पलीकडच्या सरीत. पन्नास पावलं तरी होतात. अन् तार आखूड करते.

गुरुजी : उद्या सकाळी मीही येतो. अन् जुन्या आकड्यांचं काय?

ऐश्वर्या : खोडत न्हाई. ते का चुकले, ते बाजूला लिहिते.

गुरुजी : बराबर. पण हा शुक्रवार बघ. एकही उडी नाही. त्या दिवशी पेटी शहाण्यासारखी वागली.

ऐश्वर्या : व्हय. त्या दिवशी आईची डबल ड्युटी लागली होती. मला माहीत नव्हतं. पार अंधार पडेपर्यंत बसले होते मी इथं.

गुरुजी : …तेही लिही.

ऐश्वर्या : प्रदर्शनातल्या वहीत? सगळे वाचतील न.

गुरुजी : बसलीस ते नको लिहू. फोन आला नाही, एवढंच लिही. फोन नाही, तर उडी नाही. परीक्षकाला याहून पक्का पुरावा कोणता देशील?

(रेडिओतून टिर्र… टिर्र-टिर्र… असा आवाज येतो.)

ऐश्वर्या : हे काय? फोन तर वाजला न्हाई अजून.

गुरुजी : वाजेल. रेडिओला जरा आधी कळतं. वेळ लिहून ठेवतो मी, तू उचल.

ऐश्वर्या : हॅलो… व्हय, इथंच हाय मी. आई, तुझा फोन येऊन राहिला ते आज मला आधीच कळलं होतं.