बॉस आणि पिंप

अगं, माझ्या फ्रेंचच्या परीक्षेचं सांगितलं नाही का तुला? ओटावातली सरकारी नोकरी, प्रमोशन हवं तर तोंडी फ्रेंच पास व्हायला हवं. व्याकरण डोक्यात शिरेना, म्हणून लायब्ररीतून एका जुन्या विनोदी मालिकेतलं फ्रेंच कॉमिक आणलं आणि पाढ्यांसारखं घोकलं. त्यात पानोपानी मारामारी!

परीक्षक बाईंनी विचारलं, “बॉसने रजा नाकारली तर काय कराल?”

पाठ केलेलं आपोआप तोंडातून आलं, “पिंपात कोंबून टेकडीवरून सोडून देईन!”

बाई म्हणाल्या, “उच्चार उत्तम. पण दुसरा काही उपाय?”

मला पुढचंच वाक्य आठवलं, “मावला नाही, तर मोठं पिंप आणीन!”

पास झाले. माझी उत्तरं जशीच्या तशी लिहिलेला बाईंचा शेरा बॉसकडेही गेला. तेव्हापासून माझी रजा मागायच्या आधीच मंजूर असते.