मौलुदाचा नान

१७ ऑक्टोबर, फरगाना

वसंतापासून इथे एक अक्षर लिहिलं नाही. वहीची क्षमा मागते. आज मौलुदाच्या निरोपाला बोलले ते आठवतं तसं उतरवते.

"सन्माननीय अध्यक्ष, मुख्य डॉक्टर तुर्सुनपुलात-अका, व्यासपीठावरील वडीलधारे, मौलुदाच्या मातोश्री हाजर-ओपा, आणि वॉर्डातली कामं उरकून आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

आपली नर्स मौलुदा उद्या जर्मनीला निघते. तिथे प्रत्येक अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऊब देणारी काचेची पेटी मिळते. (अका, मान काय हलवता, फोटो तुम्हीच दाखवलेत.) आपल्याकडे पेट्या कमी पडल्या की मौलुदा ते बाळ आईच्या छातीवर बांधायची आणि म्हणायची, 'वहिनी, आता तूच पेटी. हलायचं नाही, भांडायचं नाही, सासूशीसुद्धा.' त्यातली कितीतरी बाळं आज शाळेत जातात. सगळी नाही. जी वाचली नाहीत, ती तिकडे जन्मली असती तर? हा प्रश्न मला सोडत नाही.

पेट्या त्यांच्याकडे आहेत. हात आपले चालले. मग तिला अडवावं? दुसऱ्यांची लेकरं जगवणाऱ्या मुलीला स्वतःच्या आईची औषधं इथल्या पगारात परवडत नाहीत, मग तिला कोणत्या तोंडाने थांब म्हणू? जा, मौलुदा. फक्त परत ये. आपल्या रीतीप्रमाणे मघाशी तू नानाचा एक घास घेतलास. उरलेला वॉर्डात टांगून ठेवू, आल्यावर तूच संपव. मुहब्बत-ओपा, तो नान कुठे आहे?"

कँटीनच्या मुहब्बत-ओपा दारातूनच म्हणाल्या, "कापला की. चहाबरोबर वाटला."

"सगळा?"

"पहिला तुकडा तुमच्याच बशीत होता, डॉक्टर. लोणी लावून खाल्लात."

सभागृह हसलं. हाजर-ओपा तेवढ्या हसल्या नाहीत. "मग आता हिने परत कशासाठी यायचं?"

"आई, दात शाबूत आहेत अजून माझे, दुसऱ्या नानाचा घास घेईन," मौलुदा म्हणाली. पण तिने आईचा हात धरला, तो सोडला नाही.

मला शेवट सुचेना. एवढंच म्हणाले, "तुझ्या हातून श्वास मिळालेल्या प्रत्येक घराच्या वतीने तुझे आभार. माझ्या बोलण्यात काही उणं राहिलं असेल, आणि खाण्यात जास्त झालं असेल, तर सर्वांनी सांभाळून घ्यावं."

ती परत येईल का? तशी अपेक्षा धरण्याचा हक्क तरी मला आहे का? ठाऊक नाही.

उद्या: तिची गाडी सुटण्याआधी तंदूरवरून ताजा नान नेणे.