तीन टिंबांच्या जागी

वेंडेल : अगं, पण साडेतीनशे वर्षं होऊन गेली त्याला! तू तर तोंड असं केलंयस, जणू काल घडलंय.

कॉरिन : मला काल कळलं. माझ्यापुरतं ते कालच घडलंय. नको आत्या, ॲपल पाय खरंच नको. घशाखाली उतरायचा नाही.

मर्टल आत्या : कापलाय मी आता. नको तर ताटली सरकव बाजूला. आणि तुम्हा भावाबहिणींपैकी कुणीतरी मला नीट सांगा. घराण्याच्या मूळपुरुषाने, कॅप्टनने केलं तरी काय?

वेंडेल : काही नाही गं आत्या. कॉरिन कोर्टाचे जुने कागद वाचून आलीय. कॅप्टनचा मुलगा एनॉस, त्याच्या आईची जन्मतारीख तेवढी शोध म्हटलं होतं मी, तर ही भलतंच घेऊन आली. तुला उगाच त्रास नको...

मर्टल आत्या : उद्या दफनभूमीत कॅप्टनच्या स्मारकाच्या दगडावरचं कापड कोण ओढणार? मी. चार शब्द कोण बोलणार? मी. मग त्रास मला नको तर काय शेजाऱ्यांना? बोल गं तू.

कॉरिन : टॅमसिन रो नावाची मुलगी होती. इंग्लंडमधून, डेव्हनहून इकडे अमेरिकेत आलेली. बोटीचं भाडं फिटेपर्यंत कॅप्टन ओबेदाया स्टॅनर्डच्या घरी राबायचं, असा करार. लग्न झालेलं नव्हतं, आणि तिला दिवस गेले.

मर्टल आत्या : कुणापासून?

कॉरिन : सुईणीनेही तेच विचारलं. तेव्हा तशी रीतच होती. कळा अगदी जोरात आल्या की सुईण हात काढून घ्यायची आणि म्हणायची, बापाचं नाव सांग. त्या वेदनेत बाई खोटं बोलत नाही, असं मानायचे. टॅमसिनला पुन्हा पुन्हा विचारलं. तिने दर वेळी एकच नाव घेतलं.

मर्टल आत्या : कॅप्टनचं.

कॉरिन : कॅप्टनचं.

वेंडेल : तिने घेतलं! घेतलं म्हणजे सिद्ध झालं का?

कॉरिन : थांब ना जरा. लग्नाशिवाय मूल म्हणजे गुन्हा. तिला न्यायाधीशासमोर उभं केलं. आणि या गावाचा न्यायाधीश कोण होता, हे तूच आम्हाला दर थँक्सगिव्हिंगला ऐकवतोस.

मर्टल आत्या : अरे देवा.

कॉरिन : कॅप्टन स्वतः न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला. उठला नाही, दुसऱ्या कुणाला बसवलं नाही. सुईणीने बायबलवर हात ठेवून सांगितलं. तो म्हणाला, पोरगी खोटारडी आहे, सज्जन माणसाची बदनामी करते. मुलासाठी दहा फटके, आणि नाव घेतलं म्हणून वर आणखी दहा. गुरुवारी, प्रवचन सुटल्यावर, प्रार्थनाघराच्या दारात. सगळं गाव तिथेच असायचं ना.

मर्टल आत्या : ओल्या बाळंतिणीला?

कॉरिन : दंड भरला असता तर फटके चुकले असते. आणि तो भरायचा असतो मालकाने.

मर्टल आत्या : आणि मालक तोच. शी!

कॉरिन : अजून आहे. बाळंतपणात काम बुडलं म्हणून तिचा करार वर्षभर वाढवला. त्याच घरात, त्याच माणसाच्या हाताखाली, त्याच्या बायकोसमोर. आत्या, मी उठून बाहेर गेले आणि तोंडावर पाणी मारलं.

वेंडेल : हे बघ, मी काही त्याची बाजू घेत नाही. पण तो काळच तसा होता. आपण आज खुर्चीत बसून...

कॉरिन : सुईण त्याच काळातली होती ना? तिला कसं कळलं मग? सगळ्या गावासमोर उभं राहून तिने त्याचं नाव घेतलं. तिला नव्हता का काळ आडवा आला?

वेंडेल : मूल दुसऱ्या कुणाचं असेल. गडी होते, शेजारी होते. एक पोरगी म्हणाली, तेवढ्यावर तू आपल्या मूळपुरुषाला...

कॉरिन : आत्या, कॅप्टनचं मृत्युपत्र पाठ आहे ना तुला?

मर्टल आत्या : न असून काय करते! बाबा आम्हा तिघांना थँक्सगिव्हिंगच्या टर्कीपुढे बसवून म्हणायला लावायचे दर वर्षी. तोवर सगळं थंडगार. 'माझा मुलगा एनॉस, यास नदीकाठचं कुरण, काळी घोडी आणि माझी तलवार.'

कॉरिन : आणि आजोबांनी लिहिलेल्या घराण्याच्या पुस्तकात ते कसं छापलंय?

मर्टल आत्या : तसंच की. 'माझा मुलगा', मग तीन टिंबं, मग 'एनॉस'. बाबा म्हणायचे, तिथे उंदराने कागद खाल्लाय.

कॉरिन : कागद धडधाकट आहे. शाईसुद्धा फिकी झालेली नाही. त्या तीन टिंबांच्या जागी लिहिलंय, 'माझी मोलकरीण टॅमसिन रो हिच्या पोटी मला झालेला'.

(आत्या गॅसवरची किटली उतरवते.)

मर्टल आत्या : म्हणजे खरं बोलत होती ती.

कॉरिन : आणि त्याला ते माहीत होतं. तिला मारत होते तेव्हाही माहीत होतं. मरताना नरकाची भीती वाटली असेल, म्हणून कबूल केलं. आपण एनॉसचे वंशज. म्हणजे तिचे वंशज. आणि वेंडेलच्या वंशावळीच्या तक्त्यावर तिच्या जागी कॅप्टनची बायको बसवलीय!

वेंडेल : मी कुठे बसवली? आजोबांनी लिहिलं तेच मी उतरवलं!

मर्टल आत्या : पुढे काय झालं तिचं?

कॉरिन : करार संपल्यावर गावाने तिला हद्दीबाहेर काढलं. गावावर भार नको म्हणून. मूल ठेवून घेतलं. त्यापुढे ती कुठेच सापडत नाही.

वेंडेल : ठीक आहे. वाईट झालं, मान्य. आजोबांनी घराची अब्रू झाकली, त्यात एवढं काय? कुणीही झाकली असती.

मर्टल आत्या : अब्रू. वेंडेल, तुझी लोइस आत्या कुठे गेली होती रे?

वेंडेल : ओहायोला. टेलिफोन कंपनीत नोकरी लागली ना तिला?

मर्टल आत्या : तुझ्या बापाने तुम्हाला तसं सांगितलं, कारण त्याला तसं सांगायला सांगितलं होतं. तिला दिवस गेले होते. शाळेत होती अजून. याच स्वयंपाकघरात, तू बसलायस ना, तिथे बसली होती. बाबा उभे होते. तुमचं ते पुस्तक त्यांच्या हातात होतं. म्हणाले, 'स्टॅनर्डांच्या घरात तीनशे वर्षांत असलं घडलेलं नाही.'

कॉरिन : आत्या...

मर्टल आत्या : तिची बॅग त्यांनी स्वतः भरली. अशा मुलींसाठी एक घर होतं वूस्टर शहरापलीकडे, तिथे सोडून आले. मूल कुणाला तरी दिलं. तिला परत या दारात येऊ दिलं नाही. आईच्या अंत्यविधीलासुद्धा नाही. आणि या माणसाने ते पान वाचलेलं होतं! स्वतःच्या हाताने ती टिंबं दिली होती! कॅप्टनला निदान मरताना भीती तरी वाटली. आमचे बाबा शांतपणे झोपेत गेले. मी त्यांच्या उशाशी बसून त्यांचे हात पुसत होते, वेंडेल. मला आत्ता माझ्याच हातांची किळस येतेय.

वेंडेल : मला हे माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो.

मर्टल आत्या : दगडावर काय खोदून घेतलंयस तू?

वेंडेल : ते आता... दगड बसवून झालाय, आत्या. सिमेंट वाळलंय. उद्या सगळे येणार आहेत, मंडप घातलाय.

मर्टल आत्या : मी विचारलं, काय खोदलंय?

वेंडेल : 'न्यायी आणि देवभीरू'.

मर्टल आत्या : ओढते मी कापड. बघच तू.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. दफनभूमीच्या फाटकाशी, कॉरिन आणि आत्या कॉरिनच्या गाडीत. वेंडेल बाहेरून खिडकीत वाकून उभा.)

वेंडेल : आपला चुलतभाऊ हॉलिस आणि त्याची सगळी माणसं उठून गेली. बटाट्याचं सॅलड तसंच पडलंय. तो म्हणाला, म्हातारीचं डोकं फिरलंय.

मर्टल आत्या : सॅलड झाकून ठेव, ऊन लागेल. हॉलिसला म्हणावं, फिरलंय.

वेंडेल : मृत्युपत्र वाचशील, इथवर माझी तयारी होती. लोइस आत्याचंही सांगशील, माइकवरून, सगळ्यांदेखत, असं नव्हतं वाटलं.

मर्टल आत्या : सगळ्यांदेखतच सांगायचं होतं.

वेंडेल : शेवटी ती बॉस्टनची चुलत बहीण रडत होती. मला काही सुचेना. मी कापड परत घातलं दगडावर.

कॉरिन : आणि पुढे?

वेंडेल : दगडवाल्याशी बोललोय. 'न्यायी' घासून निघेल म्हणतो. खड्डा राहील जरासा.

कॉरिन : राहू दे. आणि टॅमसिनचं नाव?

वेंडेल : स्मारक समितीपुढे ठेवावं लागेल.

कॉरिन : समिती म्हणजे तूच ना, वेंडेल?

वेंडेल : ...खोदायला सांगतो. आडनाव कसं लिहायचं ते कागदावर दे मला. चुकायला नको.

मर्टल आत्या : कॉरिन, तुझ्या त्या शोधाशोधीत जिवंत माणसं सापडतात का गं?

कॉरिन : सापडतात. आता तर जास्त सोपं झालंय. लोइस आत्याच्या बाळाचं म्हणतेस?

मर्टल आत्या : बाळ कसलं. सत्तरी ओलांडली असेल आता.

कॉरिन : मुलगा होता की मुलगी, काही माहीत आहे?

मर्टल आत्या : मुलगी. लोइसने तिथून घरी फोन केला होता एकदा. मी उचलला. तेवढंच म्हणाली, मुलगी झाली, आणि बाबांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.