कपाटाच्या पत्र्याचं झाकण

हसायचं तर हसा, पण बाबांची ती जुनी स्पोर्ट्स कार पेणला मी एकटीनं चालती ठेवली होती. तिचं इंजिन मागे. त्यावरचं झाकण खाडीच्या खाऱ्या हवेनं सडलं, म्हणून रामवाडीत लोखंडी कपाटं बनवणाऱ्याकडून नवं करून घेतलं. ते इतकं जड झालं की मूळच्या स्प्रिंगांना पेलेना. मग मी बांबूचा टेकू लावायला लागले.

एकदा रोह्याला जाताना वाटेत खांब गावाशी गाडी तापली. झाकण उघडून, टेकू लावून मी गाडीशेजारच्याच टपरीवर चहा घेत होते. तेवढ्यात जुन्या गाड्यांचा एक मुंबईचा शौकीन येऊन थांबला.

"मॅडम, मिस्टर कुठायत?"

"घरी. गाडी माझी हाय."

"मग हा बांबू? ओरिजिनल गाडीची पार शोभा घालवलीत हो!"

आणि मला न विचारता त्यानं एका हातानं झाकण धरून टेकू उपटला आणि माझ्या हातात दिला. तसं झाकण धाडकन खाली यायला लागलं, ते त्यानं कसंबसं दोन्ही हातांनी पेललं.

"अहो, बांबू! बांबू लावा लवकर!"

"नाय ओ, तो ओरिजिनल नाय," मी म्हटलं, आणि आणखी एक चहा सांगितला.