मास्तर संस्थेचा, आवाज ललिताबाईंचा

आजच्या समारंभाचे आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष, आदरणीय दौलतराव भाऊसाहेब. व्यासपीठावर विराजमान प्राचार्य डॉ. हेमसिंग आडे सर, सत्कारमूर्ती प्रा. इंद्रभान गोटे सर. वर त्यांच्या शेजारी खुर्ची मांडलेली असतानाही खाली बायकांत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती ललिताबाई. मंगरूळपीर, शेलूबाजारहून आलेले पाहुणे, सहकारी आणि विद्यार्थिमित्रहो,

मी मराठी विभागाची वर्षाराणी. 'सरांविषयी गोड बोला,' अशी प्राचार्यांची आज्ञा आहे. पण माझ्याआधीच्या वक्त्यांनी गोड सगळं वाटून टाकलं. आता माझ्याकडे फक्त घडलेलं उरलं आहे. अध्यक्ष महोदय, आपली परवानगी आहे असं मी आपल्या हसण्यावरून समजते.

टाळेबंदीत कॉलेजला कुलूप लागलं. सर वनस्पतिशास्त्राचे. ते आसेगावच्या आपल्या वावरात उभे राहिले, ललिताबाईंनी फोन धरला आणि सरांच्या चॅनलवर धडे सुरू झाले. फोन धरणाऱ्या बाईंनी गप्प राहावं, असा एक अलिखित नियम असतो. ललिताबाईंनी तो पाळला नाही. सर सोयाबीन उपटून मुळं दाखवायचे, की फोनमागून आवाज यायचा, "अजी, ह्या मुळाले गाठी काहून आल्या? रोग पडला काय?"

"रोग नाही वो. नखानं फोडून पाह्य. आतून लाल आहे ना? मंग जित्ती आहे, काम करून राह्यली."

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यातल्या किती जणांना नत्राचं स्थिरीकरण एवढ्याशा बोलण्यातून समजलं? हात वर करू नका, पुस्तक लिहिणारेही सभागृहात आहेत.

पुढे कॉलेज उघडलं. संस्थेनं मोठ्या कौतुकानं ते धडे मागून घेतले आणि आपल्या ॲपवर चढवले. सुरुवातीला भाऊसाहेबांचा हसरा फोटो आला, शेवटी संस्थेचं बोधचिन्ह आलं. मध्ये सर होते. नाव तेवढं राहून गेलं. मग बाहेरच्या कॉलेजांनी वर्गणी भरून धडे पाहावेत असं ठरलं, आणि सरांच्या स्वतःच्या चॅनलवरचे धडे एका सकाळी गायब झाले. तिथे सूचना होती : मूळ मालकाच्या तक्रारीवरून काढले आहे.

तक्रार आमच्याच संगणक विभागातून गेली होती. तिथल्या नवीन सरांना दोष देऊ नका, त्यांनी हुकूम पाळला. शिवाय आज माइक त्यांच्या ताब्यात आहे.

सर भाऊसाहेबांकडे गेले. मीही सोबत होते. भाऊसाहेब प्रेमानं म्हणाले, "सर, पगार संस्थेचा, वेळ संस्थेचा. मंग पीक कोनाचं?"

"वेळ? कॉलेज बंद होतं, भाऊसाहेब. फोन माहा, वावर माह्या बापाचं."

"असन. पण मास्तर तं आमचा ना!"

चहा आला, तो तसाच ठेवून सर उठले. जिना उतरताना ते मला एवढंच म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं मले वाटे, मी शिकवून राह्यलो." त्यानंतर त्यांनी नवा धडा केला नाही. वर्ग घेत, पण ओळ संपली की पुस्तक मिटत. मुलं प्रश्न विचारायची बंद झाली. आमच्या संस्थेत याला शिस्त म्हणतात.

मग एके दिवशी ललिताबाई जीपनं आल्या आणि थेट अध्यक्षांच्या दालनात गेल्या. सरांना पत्ताच नव्हता.

"भाऊसाहेब, मास्तर तुमचा असन. मी तं तुमची नोकर नाही ना?"

"नाही वहिनी, असं कसं म्हनता!"

"मंग माहा आवाज काढून टाका."

भाऊसाहेबांना मागणी फारच किरकोळ वाटली. त्यांनी उदार मनानं लगेच होकार दिला. नवीन सरांनी प्रत्येक धड्यातून तो आवाज कापला. आणि मित्रहो, ॲपवर काय दिसू लागलं? सर हातात मूळ धरून मुकाट उभे. मग अचानक ओरडतात, "रोग नाही वो!" पुन्हा शांतता. मग एकटेच हसतात, आणि आभाळाकडे पाहून म्हणतात, "आता घरी गेल्यावर सांगतो तुले." बाहेरच्या एका कॉलेजनं काळजीनं विचारलं, प्राध्यापकांची तब्येत बरी आहे ना?

शेवटी आडे सर मध्ये पडले. त्यांनी सर्वांना एकत्र बसवलं आणि भाऊसाहेबांना साफ सांगितलं, "धडे संस्थेचे, असं गोटे सरांनी लिहून कधीच दिलं नव्हतं. आपण धरून चाललो." प्राचार्यानं अध्यक्षांना असं सांगणं सोपं नसतं, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि भाऊसाहेबांनी ऐकलं, हेही मी सांगायला हवं. तक्रार मागे घेतली गेली. धडे सरांचे आणि ललिताबाईंचे, संस्थेला ते वापरण्याची मुभा, दोघांची नावं सुरुवातीला, असं ठरलं.

आता सर धडे विकतील, असा आम्हा सर्वांचा शहाणा अंदाज होता. सरांनी ते त्याच दिवशी सगळ्यांसाठी मोकळे केले. आपल्याशी स्पर्धा करणाऱ्या कॉलेजलासुद्धा!

भाऊसाहेबांनी कळवळून विचारलं, "अहो, फुकटच वाटायचे होते, तं भांडले कायले?"

सर म्हणाले, "दान द्यायले बी वस्तू आपली असा लागते, भाऊसाहेब."

गेल्या आठवड्यात सर पुन्हा वावरात उभे राहिले. नवा धडा तुरीच्या मररोगावर आहे, आणि त्यात पहिला प्रश्न फोनमागूनच येतो.

आपण सर्वांनी, विशेषतः अध्यक्ष महोदयांनी, हे शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाविषयी अधिक-उणा शब्द गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घालावा. सर, ललिताबाई, तुम्हा दोघांना आमचा नमस्कार.